बाईचं शहरात काम काय?

आमच्या एरंडोलला रस्त्याने जाणाऱ्या बाईला एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'कथा चालनी वं?' म्हणजे कुठे निघालीस? विचारणारी कधी शेजारीण असते, कधी ओळखीचा दुकानदार, कधी ओट्यावर बसलेली म्हातारी माय. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण उत्तर द्यावंच लागतं, आणि त्या उत्तरात काम असावं लागतं. दळणाला, दवाखान्यात, पोराला शाळेतून आणायला, बचत गटाच्या मीटिंगला, देवाला. 'कुठे नाही, अशीच निघाले' हे उत्तर बाईच्या तोंडी चालत नाही. दिलंच, तर पुढचा प्रश्न येतो, 'पन काय काम शे?'

पुरुषाला हाच प्रश्न कुणी विचारला तर तो मान हलवून पुढे जातो. पारावर, पानटपरीवर, चहाच्या गाडीपाशी, उभ्या मोटारसायकलवर तो तासन्‌तास बसून असतो. तो तिथे का बसला आहे हे त्याला कुणी विचारत नाही.

या प्रश्नातून सुटायचं तर शहरात जावं, असं आपण कित्येक जणी मानत आलो. त्यात तथ्यही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर शब्द काढले, ते उगाच नव्हते. जिथे प्रत्येकाची जात आणि प्रत्येकीची चाल सगळ्यांना पाठ असते, तिथे माणसाला मोकळा श्वास मिळत नाही. शहरात कुणी कुणाला ओळखत नाही, हीच मोठी सोय. आमच्या खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जळगाव, नाशिक, पुणे, मुंबई आणि सर्वात जास्त सुरत अशी निघून गेली, ती पोटासाठी गेली हे खरं, पण या सोयीसाठीही गेली.

मी या सगळ्या शहरांत कधी ना कधी राहिले आहे. कुठे शिकायला, कुठे नात्यातल्या बाळंतपणाला, कुठे संघटनेच्या कामाला. एवढं हिंडून माझं मत असं झालं आहे की, शहरसुद्धा बाईला तोच प्रश्न विचारतं. ते तोंडाने विचारत नाही. कुठे बाक ठेवला, कुठे दिवा लावला, कुठे कुलूप घातलं, कुठे संडास बांधला, यातून विचारतं. शहराचे चेहरे अनेक आहेत. पण बाईकडे वळताना जवळजवळ प्रत्येक चेहरा एकच पाहतो, तिच्याकडे काम आहे की नाही. काम असेल तर ये, काम झालं की जा.

शहराचं पहिलं दर्शन होतं ते बसस्थानकात. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि आमच्या जळगाव-धुळे मार्गावरच्या गाड्या बायकांनी भरून गेल्या. माहेरी वर्षातून एकदा जाणारी आता तीनदा जाऊ लागली. बायकांना फिरायची हौस नसते, हे जे सांगितलं जात होतं, ते तिकिटाच्या पैशाने खोटं पाडलं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून स्थानकावरचे संडास दुप्पट झाले नाहीत. एका मोठ्या बसस्थानकावर मी तीन तास काढले आहेत. बायकांच्या मुतारीला कुलूप, किल्ली एका बाबाकडे आणि बाबा जेवायला गेलेला. शेजारच्या बाकावरच्या दोघी जणी सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या. हे काही नवल नाही. प्रवासाला निघताना पाणी पिऊ नये हे आपल्याला आयांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आयांनी. मग लघवीच्या जागी जळजळ, ताप, मूत्रपिंडाचं दुखणं, आणि डॉक्टरने 'पाणी भरपूर प्या' म्हणून सांगणं.

मुंबईत 2011 साली 'कोरो' आणि इतर अनेक संस्थांनी मिळून 'राइट टू पी' ही मोहीम काढली. नाव ऐकून वर्तमानपत्रवाल्यांनाही आधी हसू आलं. मोहिमेने लोकांच्या डोळ्यांसमोर असलेली एक साधी गोष्ट दाखवून दिली. मुंबईत पुरुषाला मुतारी फुकट, आणि बाईला मात्र सुलभ शौचालयाच्या दारात पैसे मोजावे लागतात. भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईने दिवसातून चार वेळा पैसे मोजायचे म्हटले तर कमाईतून काय उरणार? पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये महानगरपालिकांना बजावलं की, रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं ही तुमची जबाबदारी आहे. लघवीला जागा मिळावी म्हणून बायकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली, हे पुन्हा एकदा वाचा. ज्यांनी शहरं आखली त्यांना वाटत होतं की बाई घरातून निघेल, काम करेल आणि शरीराची कुठलीही गरज न पडता घरी परतेल.

आता लोकल गाडी घ्या. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली. बायकांचा डबा ही मुंबईने बाईला दिलेली सगळ्यात मोठी जागा आहे असं मी म्हणेन. तिथे अनोळखी बायका एकमेकींना चौथी सीट देतात, डोहाळजेवण करतात, नवरात्रात ठरल्या रंगाच्या साड्या नेसून येतात, नवऱ्याचा मार सांगून रडतात. त्या डब्यातल्या मैत्रीचं महत्त्व मला कमी करायचं नाही. पण तिथे नीट पाहा. मांडीवर पिशवी पसरून मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, गवार मोडली जाते. दिवसभर ऑफिसात राबलेली बाई बसायला मिळालेला पाऊण तासही स्वयंपाकघराला देते, कारण घरी गेल्यावर तिला कुणी पाऊण तास देणार नाही. केंद्र सरकारने 2019 साली देशभर केलेल्या वेळेच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात रोज सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं आढळलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं. हे दोनशे मिनिटांचं अंतर हाच पुरुषाचा पार, हीच त्याची पानटपरी. त्याला चौकात बसायला मिळतं, कारण घरी कुणीतरी भाकरी थापत असतं.

आणि त्या डब्यातही सगळ्या बायका येत नाहीत. मासे विकणारीला तिच्या टोपलीसकट सामानाच्या डब्यात चढावं लागतं. वासाची कुरकुर करणाऱ्यांत आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या बायकाही असतात, हे आपणच बोललं पाहिजे.

मुंबईचा तिसरा चेहरा चाळीचा. चाळीचं कौतुक करणारं मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक पुरुषांनी. गिरगाव-लालबागच्या चाळींतली लाकडी कठड्याची गॅलरी, सरकारने 1920च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बांधलेल्या बीडीडी चाळींतला दोन्हीकडे खोल्या असलेला लांब बोळ. बीडीडीतली खोली 160 चौरस फुटांची, आणि संडास सगळ्यांचा मिळून. ज्यांनी पहाटे बादली घेऊन त्या संडासाच्या रांगेत पाळीचे दिवस काढले नाहीत, त्यांनी चाळीच्या आठवणींनी गहिवरू नये. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर आणि घरात स्वतःचा संडास मिळतो, तेव्हा चाळीतली बाई खूश होते ती मूर्ख म्हणून नव्हे. तिने ते घर घ्यावंच.

पण त्या गॅलरीत आणखीही काही होतं. दुपारी दोन ते चार बायकांना दारातच बसता यायचं. बाहेर जायला कारण लागत होतं, गॅलरीत बसायला लागत नव्हतं. पापड वाळत घालता घालता कुणाची मुलगी कुठे नोकरीला लागली, कुणाच्या नवऱ्याने दारू सोडली हे कळायचं. कुणाच्या खोलीतून मारहाणीचा आवाज आला तर चार जणी दार ठोठावायच्या. सगळ्या ठोठावायच्या असं नाही, आणि हीच गॅलरी तरुण मुलींवर पाळतही ठेवायची. तरी दार ठोठावणारी जवळ होती. आता बावीस मजल्यांच्या इमारतीत लिफ्टमधून उतरलं की बंद दारं. आर्किटेक्टने बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आम्हाला संडास आतच हवा आणि ओटाही हवा. या दोन गोष्टींतली एकच मिळेल असं कुणी ठरवलं? खाली तीन मजले मोटारींना जागा काढली जाते. प्रत्येक मजल्यावर दहा बायकांना बसायला जागा काढणं अवघड का व्हावं?

चाळींच्या पलीकडे गिरण्या होत्या. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तो इतिहास दत्ता सामंतांच्या नावाने लिहिला जातो. गिरणगावाला जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका त्यात कुठेतरी तळटीपेत येतात. एकेका खोलीत पंधरा-वीस कामगारांचे डबे करणाऱ्या या बाया. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे बँकेने त्यांच्याकडे कर्ज फेडू शकणारी माणसं म्हणून पाहिलं. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि जमीन उरली. 1991च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक शहराला मोकळी जागा आणि सोयींसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलून ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यांपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. जी मैदानं, बागा, पाळणाघरं व्हायची होती, तिथे मनोरे आणि मॉल झाले.

मॉलबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मुंबईत बाईला कुणीही न हटकता दोन तास गारव्यात हिंडता येईल, स्वच्छ संडास वापरता येईल, अशी ती एक जागा आहे. म्हणूनच कॉलेजच्या मुली तिथे जातात, त्यांना नावं ठेवू नका. पण दारातला माणूस कुणाला आत सोडतो ते बघा. काम विचारायचं सोडून तिथे पाकीट विचारतात. त्याच जमिनीवर ज्या बाईने तीस वर्षं डबे पोचवले, ती मळक्या लुगड्यात आली तर तिला आत जाण्याचा धीर होत नाही. सार्वजनिक जागा विकून टाकायची आणि मग दुकानाला सार्वजनिक म्हणायचं, अशी ही चाल आहे.

मुंबईचं बोलणं मराठीत फार होतं. आमच्या भागाचं खरं शहर सुरत. भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत जळगाव, धरणगाव, अमळनेर, नंदुरबारला जी माणसं चढतात, त्यांतली कितीतरी उधन्याला उतरतात. उधना, लिंबायत या भागांत अहिराणी ऐकू येते, खानदेशी लग्नं लागतात. पुरुष यंत्रमागावर बारा-बारा तास काम करतात. बाया काय करतात? त्या घरात बसून साड्यांचे धागे कापतात, लेस लावतात, चमकणारे खडे चिकटवतात, नगावर मजुरी घेतात. कारखाना त्यांच्या खोलीत आला, म्हणून त्यांना कामगार म्हणत नाहीत. विजेचं बिल त्यांचं, जागा त्यांची, पाठदुखी त्यांची. माझ्या नात्यातली एक बाई बारा वर्षं तिथे राहते. एवढ्या वर्षांत तापी नदी तिने तीनदा पाहिली, तिन्ही वेळा पाहुणे आले होते आणि त्यांना सुरत दाखवायची होती. त्या शहरात वर्षाला लाखो साड्या तिच्यासारखींच्या हातांखालून जातात आणि शहर मात्र तिच्या डोळ्यांखालून गेलेलं नाही. गावात तिला रस्त्यावर प्रश्न विचारत होते. इथे तिला रस्त्यावर येण्याचं कामच उरू दिलेलं नाही.

याच सुरतेचा एक धडा आपण ध्यानात ठेवला पाहिजे. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून पळाली, आमच्याकडेही आली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून एस. आर. राव आले आणि दोन वर्षांच्या आत, देशातलं अत्यंत घाणेरडं म्हणून नाव झालेलं ते शहर इतकं स्वच्छ झालं की, बाहेरची माणसं पाहायला येऊ लागली. कचरा उचलणारे तेच, महापालिका तीच. फरक एवढाच की शहर मोडकळीला आलं आहे आणि ते दुरुस्त करायचं आहे, हे सगळ्यांना पटलं.

त्याच 1994 साली आमच्या जळगावात ते कांड उघडकीला आलं, ज्याची बातमी देशभर छापून आली. मुलींना, बायांना फसवून, धमकावून त्यांचं शोषण करणाऱ्या टोळक्यांची ती हकीकत. खटले वर्षानुवर्षं चालले. तेव्हा आमच्याकडे शहर दुरुस्त करायची भाषा कुणी केली नाही. घरोघरी मुली दुरुस्त करायला घेतल्या. जळगावला कॉलेजात जाणाऱ्या किती तरी मुलींचं शिक्षण त्या वर्षी बंद झालं, कितींची लग्नं घाईने उरकली, 'जळगावची मुलगी' म्हणून स्थळं नाकारली जाऊ लागली. ज्यांनी गुन्हा केला ते कोण होते हे थोड्याच दिवसांत लोक विसरले. ज्यांच्यावर झाला, त्या मात्र गावोगावच्या तोंडी राहिल्या. पुरुषांना होऊ शकणाऱ्या रोगावर शहर धुऊन काढण्याचा इलाज झाला, आणि बाईला होणाऱ्या त्रासावर बाईलाच कोंडण्याचा. एकाच वर्षी, एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. 'ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण जमाना वाईट आहे. आम्ही मुलींच्या सुरक्षिततेसाठीच सांगतो.' हा आक्षेप घेणारे सगळे दुष्ट नसतात, त्यांत जीव टांगणीला लागलेल्या आयाही असतात. म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे.

एक तर, सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की, बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक नोंदलेल्या प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचं वचन देणारा. धोका ओळखीत आहे आणि बंदी अनोळखी रस्त्यावर. धोक्यापासूनच वाचवायचं असतं तर आपण मुलींना काका-मामांच्या घरी एकटं पाठवायचं आधी बंद केलं असतं.

दुसरं, रिकामा रस्ता धोक्याचा असतो आणि बायकांना घरात ठेवल्याने रस्ता आणखी रिकामा होतो. रात्री नऊला रस्त्यावर पन्नास बायका असतील तर एक्कावन्नावी सुरक्षित असते. 1948च्या फॅक्टरी कायद्याच्या 66व्या कलमाने सायंकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात बाईला कामाला ठेवायला बंदी केली होती. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला. कित्येक दशकं त्याचा एक परिणाम असा झाला की, रात्र पुरुषांची झाली. जी परिचारिका, जी बारमध्ये काम करणारी, जी फलाटावर झोपणारी तरीही रात्री बाहेर होती, ती 'तसली' ठरली.

तिसरं, कुणाची सुरक्षितता? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांचा काही वर्षं अभ्यास करून 2011 मध्ये 'व्हाय लॉयटर' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. बाईला विनाकारण हिंडता आलं पाहिजे, ही त्यांची मागणी. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'चांगल्या घरच्या' बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन फेरीवाल्यांना, परप्रांतीय मजुरांना, मुसलमान पोरांना रस्त्यावरून हाकललं जातं. आपण त्याला आपलं नाव वापरू देता कामा नये. उशिरापर्यंत गाडी लावून उभ्या असलेल्या भुर्जीवाल्यामुळे, गजरे विकणाऱ्या बाईमुळे रस्ता जागा राहतो. मुसलमान मैत्रिणीला घर भाड्याने मिळत नाही, एकट्या बाईला सोसायटी जागा देत नाही, जात कळली की दलित मुलीसाठी रिकामी खोली एकदम भरलेली असते. या बंद दारांना कुणी असुरक्षितता म्हणत नाही.

सरकारला सुरक्षितता म्हटलं की कॅमेरे दिसतात. दिल्लीच्या घटनेनंतर 2013 साली निर्भया निधी उभा राहिला, मोठ्या शहरांत त्यातून जागोजागी कॅमेरे लागले. कॅमेऱ्याने गुन्हेगार सापडत असेल, मी नाकारत नाही. पण कॅमेरा बाईला बसायला बाक देत नाही, लघवीला जागा देत नाही. आमच्याकडे कॅमेरे लागले की त्यांतलं चित्र पाहून 'तुमची मुलगी कुणाशी बोलत होती' हे सांगणारेच जास्त निघतात. दिवा लावा. दिव्याखाली बाक ठेवा. त्याला कॅमेऱ्याइतके पैसे लागत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या शहरांचं झालं, एरंडोलसारख्या गावात याचं काय? मला तर ही लढाई इथेच आधी लढवायची वाटते. सुरत-नागपूर महामार्गाने आमचं गाव बदलतं आहे. हॉटेलं निघाली, व्यापारी संकुलं निघाली, अंजनी नदीच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढली. गाव शहर होण्याच्या रस्त्यावर आहे, आणि मोठ्या शहरांनी जे केलं त्याचीच नक्कल इथे होते आहे. नव्या संकुलात गाळे भरपूर, बायकांची मुतारी नाही. नवा चौक सुशोभित होतो, त्यात पुतळा, कारंजं आणि पुरुषांना टेकायला कठडा. बाजारात ओट्यावर भाजी विकायला बसलेल्या निम्म्याहून अधिक बाया दिसतात आणि त्या सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत पोट आवळून बसतात. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 42 टक्के बायकांनाच बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जायला मोकळीक असल्याचं आढळलं. लक्षात घ्या, या तिन्ही जागा कामाच्या आहेत. नदीकाठी वारा खायला जाता येतं का, हे पाहणीत विचारलंही नाही.

मागितलं तर बदल होतो. मुंबईचा 2034 पर्यंतचा विकास आराखडा तयार होताना तिथल्या स्त्री संघटना नकाशे घेऊन बसल्या, हरकती नोंदवल्या आणि नोकरदार बायकांची वसतिगृहं, आधार केंद्रं यांसाठी आराखड्यात जागा आल्या. कागदावरच्या जागा जमिनीवर यायला वेळ लागतो, त्यासाठी पुन्हा मागे लागावं लागतं. पण नकाशा हा विषय बायकांचा आहे, हे तिथे ठरलं. आपल्या नगरपरिषदेचाही आराखडा असतो, त्यावरही हरकती मागवल्या जातात, आणि त्या नोटिशीची मुदत बहुतेक वेळा आपल्याला कळायच्या आत संपलेली असते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. बाजारात, बसस्थानकात आणि महामार्गाच्या थांब्यावर बायकांसाठी पाणी, दिवा आणि आतून लागणारी कडी असलेली फुकट मुतारी, आणि तिच्यावर नेमलेली पगारी बाई. प्रत्येक वॉर्डात दिव्याखाली पाठ टेकता येईल असे बाक. वाचनालयात संध्याकाळी मुलींना बसता येईल अशी वेळ. 2014च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे पथविक्रेता समिती, आणि तिच्यातल्या फेरीवाल्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांना, कागदावर नव्हे तर बैठकीत. 2011 पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. त्या जागांवर निवडून आलेल्या आपल्याच बहिणींना आपण हे विचारू या. त्यांच्या नवऱ्यांना विचारायला जाऊ नका.

आणि एक काम आपलं स्वतःचं. मैत्रिणींनो, पुढच्या तीन महिन्यांत एका संध्याकाळी आपापल्या गावच्या चौकात अर्धा तास बसा. चार-पाच जणी मिळून बसा, बरोबर भाजी निवडायला घेऊ नका, विणकाम घेऊ नका, मुलंही घरी बापापाशी ठेवा. नुसत्या बसा आणि मोजा. किती पुरुष बसलेले आहेत, किती बायका. बायकांसाठी मुतारी किती पावलांवर आहे, उघडी आहे का, पैसे पडतात का. दिवे किती, त्यांतले लागतात किती. कुणी हटकलं तर काय म्हणून हटकलं. हे वहीत लिहा, तारीख आणि वेळ घाला, सह्या करा आणि एक प्रत नगरपरिषदेच्या आवक टेबलावर देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या वेळी आराखडा निघेल, तेव्हा हरकत घ्यायला आपल्या हातात काही असलं पाहिजे.